उकिरडा, सोयाबीनचे भुसकट आणि घरी परतणारी पेंड

पत्राचा गोषवारा : लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातून एका शेतकरी भगिनीने हे पत्र लिहिले आहे. पती पुण्यात नोकरीला असल्यामुळे सहा एकर कोरडवाहू शेती त्या सासऱ्यांच्या सोबतीने पाहतात. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत करडई ही त्यांची पिके आहेत, आणि दावणीला एक गाय व एक म्हैस आहे. सेंद्रिय शेतीच्या एका प्रशिक्षणाला जाऊन आल्यावर त्यांनी गेल्या हंगामात दोन एकरांत डीएपी हे रासायनिक खत बंद केले. त्याऐवजी मेअखेरीस शेजारच्या गोठ्यातून विकत घेतलेल्या चार ट्रॉल्या शेणखत पसरले आणि दोन वेळा शेण-गोमूत्राचे जीवामृत दिले. त्या दोन एकरांतले सोयाबीन सुरुवातीलाच पिवळे पडले आणि एकरी चार क्विंटलवर थांबले, तर उरलेल्या चार एकरांत डीएपीवर सात क्विंटलचा उतारा आला. सासरे आता खताच्या ट्रॉलीचे नावही काढू देत नाहीत. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार दाणेदार ‘सेंद्रिय’ खताच्या गोण्या घ्या म्हणतो, आणि लाकडी घाण्याचा एक व्यावसायिक सेंद्रिय करडईला जास्त भाव देण्याची तयारी दाखवतो. माती तपासणीत सामू (पीएच) ८.२ आणि सेंद्रिय कर्ब (मातीतल्या कुजलेल्या पदार्थातला कार्बन) ०.४१ टक्के आला आहे. त्या विचारतात : ‘सेंद्रिय खतावर तेलबिया पिकतात की नाही? सासऱ्यांचे ऐकून मी हा नाद सोडावा का?’

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना माझे लक्ष एका वाक्यावर थांबले. खत टाकलेले दोन एकर ‘वरच्या अंगाचे, जरा मुरमाड’ आहेत असे तुम्ही सहज लिहून गेला आहात, आणि डीएपीचे चार एकर खालच्या बाजूचे, मध्यम काळ्या जमिनीचे आहेत. म्हणजे ज्या वर्षी शेणखत आणि डीएपी यांची तुलना झाली असे तुम्हा दोघांनाही वाटले, त्या वर्षी मुरमाड जमीन आणि काळी जमीन यांचीही तुलना होऊन गेली. त्या तीन क्विंटलच्या फरकातला किती खताचा आणि किती जमिनीचा हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्या वरच्या दोन एकरांत याआधी डीएपीवर किती उतारा येत होता, हे सासऱ्यांना एकदा विचारा. त्यांना ते नक्की आठवत असेल, आणि त्या आकड्यावरूनच गेल्या वर्षीचा निवाडा करणे योग्य ठरेल.

दुसरा प्रश्न त्या चार ट्रॉल्यांबद्दल आहे. मेअखेरीस आणलेले खत हातात घेतल्यावर काळेभोर, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे होते, की त्यात काडी ओळखू येत होती, ते आतून गरम होते आणि त्याला शेणाचाच वास येत होता? बहुतेक उकिरड्यांत वरचे खत उन्हाने वाळलेले आणि खालचे अर्धवट कुजलेले असते, आणि विकणारा दोन्ही एकत्रच भरतो. अर्धकच्च्या खतात नत्राच्या (नायट्रोजनच्या) मानाने कर्ब फार असतो. तो कर्ब कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागते, आणि ते त्यांना मातीतूनच उचलावे लागते. खत शेतात पडूनही पहिले काही आठवडे पिकाची उपासमार होते ती यामुळे. सोयाबीन हवेतले नत्र घेते हे खरे, पण त्याच्या मुळांवरच्या गाठी पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी कामाला लागतात, आणि तोपर्यंत रोप मातीवरच अवलंबून असते. शिवाय अशा कच्च्या खतातून हुमणीच्या अळ्या आणि तणाचे बी शेतात येते. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या घरच्या भुईमुगात मी घाईने कच्चे खत टाकले होते, आणि श्रावणात हाताने उपटावीत तशी हुमणीने मुळे खाल्लेली झाडे वर येत होती. तेव्हापासून मी खत विकत घेण्याआधी ढिगाच्या पोटात हात घालून पाहतो, आणि तुम्हीही तसेच करा.

पिवळेपणाबद्दल तुम्ही अधिक लिहिले असते तर बरे झाले असते, कारण कोणती पाने आधी पिवळी पडली यावरून कारण ओळखता येते. खालची जुनी पाने फिकी पडत गेली असतील तर ती नत्राची भूक समजावी. वरची कोवळी पाने पिवळी पण त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर तुमच्या ८.२ सामूच्या, चुनखडीच्या जमिनीत लोह पिकाला मिळत नाही असे समजावे. मात्र कोवळे पान शिरांसकट सगळेच एकसारखे फिके झाले असेल, तर गंधकाची शंका घ्यावी. पाणी साचून राहिले तरीही पीक पिवळे पडते, पण तुमच्या उताराच्या जमिनीत ते कमी संभवते. येत्या जुलैत पाने पाहून हे वहीत लिहून ठेवा.

आता जीवामृताबद्दल. प्रशिक्षणात सांगितलेली कृती साधारण अशी असते : २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती, आणि हे सगळे एका एकराला. यातल्या प्रत्येक वस्तूतले नत्र मोजून बेरीज केली तर ती पावशेराच्या आसपास भरते. दुसऱ्या बाजूला सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे दहा क्विंटल सोयाबीन बाजारात गेले की त्यासोबत साधारण ६४ किलो नत्र शेताबाहेर गेले. जीवामृत मी वाईट म्हणत नाही. पण ते विरजणासारखे आहे, आणि विरजण कितीही चांगले असले तरी भांड्यात दूध असावे लागते. तुमच्या मुरमाड दोन एकरांत जिवाणूंना खायला कुजलेला काडीकचराच पुरेसा नव्हता. त्यातच स्फुरद (फॉस्फरस) आणि गंधक देणारे एकमेव खतही त्या वर्षी बंद झाले, असे मी लिहिणार होतो. पण डीएपीत गंधक नसतेच, आणि तेलबियांच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट नेमकी हीच आहे.

डीएपीच्या पन्नास किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते, गंधक नसते. सिंगल सुपर फॉस्फेट या दुसऱ्या खतात स्फुरद १६ टक्केच असते, पण सोबत ११ टक्क्यांच्या आसपास गंधक आणि भरपूर कॅल्शियमही असते. तेलबियांना गंधक दुहेरी लागते. प्रथिनातील काही अमिनो आम्ले गंधकावाचून बनत नाहीत, आणि दाण्यात तेल साठवणाऱ्या प्रक्रियाही गंधकावाचून मंदावतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची सोयाबीनसाठीची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश (पोटॅश) आणि त्यासोबत २० किलो गंधक अशी आहे. वर्षानुवर्षे केवळ डीएपी टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबातून शेवटचा आकडा गळून पडतो. पूर्वी घरचे कुजलेले खत दर दोन-तीन वर्षांनी पडत असे, आणि मातीतले बरेचसे गंधक सेंद्रिय पदार्थातच साठून असल्यामुळे ही उणीव भरून निघत असे. कर्ब ०.४१ वर आलेल्या जमिनीत तो साठाही आटलेला असतो. म्हणूनच, ताई, ‘शेणखत की डीएपी’ हा घरातला वाद मला अपुरा वाटतो, कारण त्या दोन्ही बाजूंत गंधक कोणाच्याच लक्षात नाही.

सासऱ्यांचे म्हणणे संपूर्ण चुकीचे नाही, हेही मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, स्फुरद पाव टक्क्याहून थोडे कमी आणि पालाश अर्धा टक्का असते. दोन टनांची ट्रॉली म्हणजे दहा किलो नत्र आणि चार-पाच किलो स्फुरद, आणि त्यातलाही काही भागच पहिल्या हंगामात पिकाला मिळतो. सोयाबीनला एकरी २४ किलो स्फुरद हवे असेल तर ते केवळ शेणखतातून देण्यासाठी पाच-सहा ट्रॉल्या लागतील, आणि एवढे खत आज कोणाकडे आहे? मात्र डीएपीत जे नाही ते खत देते. मातीच्या कणांची जोडणी, पावसाच्या खंडात टिकणारी ओल, लोह आणि जस्त मुळांना घेता येतील अशा रूपात धरून ठेवणे, जिवाणूंचे खाद्य, ही सगळी त्याची कामे आहेत. जबलपूरच्या काळ्या जमिनीत १९७२ पासून चालू असलेल्या दीर्घकालीन प्रयोगात सोयाबीन-गहू पद्धतीला शिफारशीत खत आणि शेणखत एकत्र दिले तेव्हा उत्पादन आणि कर्ब दोन्ही सरस राहिले. तुमचा आणि सासऱ्यांचा समेट व्हायला जागा आहे ती इथे.

पण एवढे खत आणायचे कुठून? याचे उत्तर विकतच्या ट्रॉल्यांत नाही. तुमच्या शेतातून काय बाहेर जाते आणि काय परत येते, तिथे ते शोधावे लागेल.

तेलाचा विचार करा. तेल कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचेच बनलेले असते, आणि ते पिकाने हवा आणि पाणी यांतून घेतलेले असतात. शुद्ध तेलाच्या डब्यातून शेतातले नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ जातच नाही. ते सगळे पेंडीत उरते. करडईचे दाणे विकले की तेल आणि पेंड दोन्ही गेले. तीच करडई घाण्यावर गाळून आणली, तेल विकले आणि पेंड दावणीला घातली, तर दहा क्विंटल करडईमागे सात क्विंटलच्या आसपास पेंड घरी परतते, आणि तिच्यात टक्केवारीने चारच्या आसपास नत्र धरले तरी ते २८ किलो होते. जनावर त्यातले थोडेसेच दुधात आणि अंगात ठेवते, बाकीचे शेणात आणि मूत्रात येते. करडईची पेंड घरी ठेवण्याची आपल्याकडची जुनी रीत जनावरांसाठी होती, पण तिचा फायदा शेताला होत होता. घाण्याच्या व्यावसायिकाशी बोलताना म्हणूनच भावाबरोबर पेंड कोणाची हेही ठरवून घ्या. करडई विकण्याऐवजी गाळणावळ देऊन तेल आणि पेंड दोन्ही परत मिळणार असतील, तर थोडा कमी वाटणारा व्यवहारही फायद्याचा ठरू शकतो.

दुसरी गळती सोयाबीनच्या भुसकटाची आहे. मळणी झाल्यावर ते बांधावर पडून राहते, वाऱ्याने उडते किंवा पेटवले जाते. सोयाबीन द्विदल आहे म्हणून जमीन आपोआप सुधारते हा समज तुमच्याही पत्रात आहे, आणि तो मला तपासावासा वाटतो. गाठींनी हवेतून घेतलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांतून बाजारात जातो, आणि जमिनीला उरतात ती गळलेली पाने, मुळे आणि भुसकट. त्यातले भुसकटही जाळले तर जमिनीच्या वाट्याला फार थोडे उरते.

तुमच्याकडे शेण थोडे आणि भुसकट भरपूर आहे. अशा घरासाठी पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी घडवलेली नाडेप पद्धत अजूनही मला सर्वांत सोयीची वाटते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असा जाळीदार विटांचा हौद बांधावा. त्यात चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा, नव्वद ते शंभर किलो शेण आणि चाळलेली कोरडी माती यांचे थर पाण्याने भिजवत भरावेत, आणि वरून शेणमातीने लिंपून टाकावे. तीन-चार महिन्यांत हौदातून तीन टनांच्या आसपास खत निघते. विटांचा खर्च नको असेल तर कुडाच्या किंवा तुराट्यांच्या भिंतीही चालतात. आज जानेवारी संपत आला आहे. येत्या पंधरा दिवसांत हौद भरला आणि ओल टिकवली, तर मृगाच्या आत खत हाती येईल. भरताना स्फुरदयुक्त खडकाची पूड आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू थरांत मिसळा. ही पूड सेंद्रिय पद्धतीत चालते, पण तुमच्या विम्ल (अल्कलीधर्मी) जमिनीत थेट टाकली तर ती वर्षानुवर्षे जशीच्या तशी पडून राहते. कंपोस्टात कुजताना तयार होणाऱ्या आम्लांमुळे तिच्यातले स्फुरद थोडेफार मोकळे होते.

गोठ्याकडेही लक्ष द्या. जनावराच्या मूत्रात शेणाहून जास्त नत्र असते आणि ते बहुतेक ठिकाणी नालीतून वाहून जाते. जनावरांखाली भुसकट आणि कोरडी माती पसरून ती रोज हौदाकडे नेली, तरी खताची प्रत बदलते. उकिरड्याला सावली आणि पावसापासून आडोसा हवाच.

एका जनावराचे वर्षाचे कुजलेले खत साधारण दोन टन धरले, तर दोघांचे मिळून चार टन आणि हौदाचे तीन टन, म्हणजे सात टन होतात. ते सहाही एकरांवर शिंपडू नका. वरचे मुरमाड दोन एकर आधी घ्या, कारण तिथे ओल धरून ठेवण्याची गरज जास्त आहे. पुढच्या दोन वर्षांत पाळीपाळीने बाकीचे एकर येतील. खत शेवटच्या वखरपाळीच्या आधी पसरून त्याच दिवशी मातीआड करा, कारण उन्हात पडलेल्या खताचे नत्र हवेत जाते. पसरण्याआधी आठ-दहा दिवस सावलीत ओलसर ढिगात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून ठेवलीत तर मूळकूज आणि करडईच्या मर रोगाविरुद्ध त्याचा उपयोग होतो.

त्याच दोन एकरांत पेरणीच्या वेळी एकरी अडीच गोण्या सुपर फॉस्फेट द्या, आणि शेणखत न पडलेल्या चार एकरांत एकरी तीन. म्हणजे गंधक आपोआप भागेल. पालाश माती तपासणीचा अहवाल पाहून ठरवा, कारण काळ्या जमिनीत ते बहुधा पुरेसे असते. नत्राचा थोडासा हप्ता खत न दिलेल्या भागाला लागेल, पण युरियाचा हात सैल सोडू नका. जास्त नत्र मिळाले की गाठी कमी धरतात, आणि दाण्यात प्रथिन वाढले की तेलाचे प्रमाण सहसा उतरते. बियाण्याला आधी बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावून वाळू द्यावे, आणि रायझोबियम (मुळांवर गाठी धरणारे जिवाणू) व स्फुरद विरघळवणारे जिवाणू सर्वांत शेवटी, पेरणीच्या थोडे आधी, सावलीत लावावेत. हा क्रम उलटला तर जिवाणू मरतात. करडईला गाठी नसतात, म्हणून तिला नत्र मातीतून द्यावेच लागते. खरिपाच्या खताचा उरलेला अंश तिला मिळेल, पण तो पुरेल असे गृहीत धरू नका.

दुकानदाराच्या गोण्यांबद्दल फार लिहायला नको. गोणीवर छापलेले घटकांचे प्रमाण वाचा. समजा नत्र २ टक्के आहे, तर चाळीस किलोच्या गोणीत ते ८०० ग्रॅम भरते. त्याच पैशात चांगले कुजलेले खत किंवा निंबोळी पेंड किती मिळते ते काढा. निंबोळी पेंडीत ५ टक्क्यांच्या आसपास नत्र असते आणि ती हळूहळू लागू होते.

राहिला सेंद्रिय करडईच्या जास्त भावाचा प्रश्न. ‘सेंद्रिय’ या नावाने विकायचे असेल तर एनपीओपी (केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएस (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेते तपासण्याची पद्धत) यांपैकी एका प्रमाणन पद्धतीत यावे लागते, आणि एनपीओपीत हंगामी पिकांसाठी रूपांतराची किमान दोन वर्षे जातात. त्या काळात रासायनिक खत चालत नाही, आणि म्हणून वर सांगितलेले सुपर फॉस्फेटही त्या तुकड्यात टाकता येणार नाही. तिथे जिप्सम किंवा मूळ गंधक आणि हौदातले स्फुरदयुक्त कंपोस्ट यांवर भागवावे लागेल. मूळ गंधकाचे पिकाला घेता येईल असे रूप जिवाणू करतात आणि त्याला वेळ लागतो, म्हणून ते पेरणीच्या बरेच आधी द्यावे. माझा कल असा आहे की पहिल्या वर्षी यात पडू नका. दुसऱ्या वर्षी हातात पुरेसे खत असेल तर खालच्या चांगल्या काळ्या जमिनीतला एकच एकर त्यासाठी वेगळा करा. पीजीएससाठी गावातले निदान पाच शेतकरी जमत असतील तर त्यांच्याशी आताच बोला. आणि घाणेवाल्याकडून भाव लेखी घ्या. सेंद्रिय खताने करडईच्या तेलाचा गुणच बदलतो असे तो ग्राहकांना सांगत असेल, तर तुम्ही ते तसे मानू नका. तेलाची प्रत प्रामुख्याने वाण आणि दाणे भरतानाचे हवामान यांवर ठरते. खताने एकरी दाणे वाढतात, दाणा भरतो, आणि त्यातून एकरी तेल वाढते.

कर्बाबद्दल धीर धरावा लागेल. एका एकराच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन नऊ लाख किलोंच्या आसपास असते, म्हणजे कर्ब ०.४१ वरून ०.५१ व्हायला नऊशे किलो कर्ब मातीत टिकावा लागतो. दोन टन खतात साधारण तीनशे किलो कर्ब असतो, आणि आपल्याकडच्या उन्हात त्यातला बराचसा एक-दोन वर्षांत जळून जातो. पुढच्या वर्षीच्या तपासणीत आकडा हलला नाही म्हणून खत वाया गेले असे सासऱ्यांना वाटू देऊ नका.

या वेळी तुलना मात्र नीट करा. वरच्या दोन एकरांतच, उताराच्या दिशेने, चार तासांचा, म्हणजे चार ओळींचा, एक पट्टा खताशिवाय ठेवा. त्याला सुपर फॉस्फेट आणि बाकी सगळे तेवढेच द्या. पेरणीनंतर चाळीस दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच झाडे फावड्याने मातीसकट उचला, मुळे पाण्यात हलकेच धुवा आणि गाठी नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी असल्या तर त्या नत्र घेत आहेत. पांढऱ्या किंवा हिरवट असल्या तर त्या नुसत्या नावाच्या आहेत. हे काम सासऱ्यांना सोबत घेऊन करा. पट्ट्याची मळणी वेगळी करून तोलून ठेवा, आणि दसऱ्यानंतर ते आकडे मला कळवा. त्या वेळी करडईची पेरणी झालेली असेल, आणि तिला किती नत्र द्यावे हे आपण त्या वजनांवरून ठरवू.